समुद्राचं पित्त

जगात पित्ताचा त्रास असलेली माणसं पुष्कळ आहेत; पण स्वतःच्या पित्तापेक्षा समुद्राच्या पित्ताची काळजी वाहणारा माणूस उभ्या मीरा-भाईंदरात एकच, आणि ते म्हणजे आमचे व्याही. त्यांच्याविषयी आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट फिरते. डोंबिवलीच्या मावससासूबाईंपासून पुण्याच्या चुलतभावापर्यंत सगळ्यांनी ती ऐकली आहे, आणि ऐकणारा प्रत्येकजण पोटभर हसून झाल्यावर "बिचारे!" असं म्हणतो. ती गोष्ट मी पसरवली. ती खोटी आहे. अगदी सगळी नव्हे, पण तिच्यातलं पाणी खोटं आहे. त्या एका "बिचारे"पायी मला अलीकडे जेवण गोड लागेनासं झालंय. माझ्या वयाला आता खोटं मागे ठेवून जाणं शोभत नाही. तेव्हा आमचे व्याही खरे कसे आहेत आणि त्या दिवशी खरं काय घडलं, ते एकदा नीट लिहून ठेवतो.

व्याह्यांची आणि माझी पहिली भेट माझ्या मुलाचं लग्न ठरताना झाली. मुलीचा बाप म्हणून त्यांनी मुलाचा पगार विचारला नाही, घर विचारलं नाही, पत्रिकाही मागितली नाही. समोरच्या पोह्यांवरचं लिंबू हलक्या हाताने उचलून बशीच्या कडेला ठेवत त्यांनी विचारलं, "उपाशी पोटी चहा घेता का?" मुलगा म्हणाला, "नाही." व्याही मागे टेकून बसले आणि बायकोला म्हणाले, "मला पसंत आहे." लग्नाच्या जेवणात टोमॅटो नव्हता. कढी होती, पण आंबटपणा काढून घेतलेली. तिला कढी का म्हणायचं हे आचाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. आमच्याकडची मंडळी अजून त्या पंगतीचा विषय निघाला की गप्प होतात. खिशात थंड दुधाची छोटी बाटली घेऊन हिंडणारे हे एकटेच गृहस्थ. बारशाला, मुंजीला, एकदा तर कुणाला तरी पोहोचवायला गेलो होतो तिथेही त्यांनी ती हळूच काढून घोट घेतला, आणि शेजारच्या माणसाला वेगळाच संशय आला. माणसं ओळखण्याची त्यांची पद्धतही निराळी. आपण म्हणतो अमका रागीट, तमका चिकट. व्याही म्हणणार, "भला माणूस आहे हो, पण ढेकर आंबट." सगळ्या जगाच्या भांडणांचं मूळ त्यांच्या मते अपुऱ्या झोपेत आणि तळलेल्या पदार्थांत आहे.

गिरगावातली खोली विकून ते बेव्हर्ली पार्कात राहायला आले, आणि मी शांती नगरात आधीपासूनच होतो. मध्ये अंतर ते किती! त्यामुळे व्याही म्हणजे सणासुदीला भेटण्याचा माणूस हा नियम आमच्याकडे टिकला नाही. विमा कंपनीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते रोज दुपारी माझ्याकडे येऊ लागले. आले की चपला काढता काढताच "व्याहीबुवा, आज वर्तमानपत्रात पाहिलंत का?" अशी सुरुवात. एका रविवारी ते आले ते पुरवणीचं पान हातात धरूनच. चेहरा असा, की मला वाटलं कुणी जवळचं गेलं.

"व्याहीबुवा, समुद्राला ॲसिडिटी झालीय."

मी हसलो. ते हसले नाहीत. बसले, दुधाचा घोट घेतला आणि सांगायला लागले. आपण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला बराचसा हवेत राहतो, पण मोठा वाटा समुद्र आपल्या पोटात घेतो. "हवेवर उपकार करतो बिचारा. पंगतीत एखादा भिडस्त पाहुणा असतो बघा, त्याला नको म्हणवत नाही. वाढणारा जिलबी आणतो, हा घेतो. पुन्हा आणतो, पुन्हा घेतो. तसा तो घेत राहिला. पण पोटात गेलेल्या त्या वायूचं आम्ल होतं. सोडा पितो तेव्हा जिभेला चुणचुणतं ना, तेच."

"म्हणजे समुद्राचं पाणी आंबट लागतं?"

"छे हो! आंबट व्हायला फार वेळ आहे. पाणी अजून चुन्याच्याच बाजूला आहे, पण आंबटाच्या बाजूला सरकतंय. तुमचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा तुम्ही काय लाल झाला होता? पण वाढलं होतं ना? अंगात सगळं जागच्या जागी असावं लागतं. जरा सरकलं की कुणाला तरी भोगावं लागतं." इथे त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. त्यात कालवं, शिंपल्या, प्रवाळ यांची चित्रं होती. "या जिवांना घर बांधायला जो माल लागतो तो पाण्यातूनच मिळतो. आम्ल वाढलं की तो माल कमी पडतो. भिंत पातळ होते. फारच झालं तर बांधलेली भिंतही विरघळते. आणि सगळ्यात आधी लहान पिल्लांचं, कारण त्यांची अजून भिंतच झालेली नसते."

मला समजलं आणि पचलंही. त्यांना मात्र ते पचलं नाही आणि तिथेच अडकून राहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना थंड पेयांपासून परावृत्त करण्याचं काम सुरू केलं. दुकानदार गुजराती, स्वभावाने सोशिक. "ये जो बॉटल में गॅस है ना शेठ, वही समुंदर के पेट में जा रहा है," असं व्याह्यांनी त्याला सांगितलं, तेव्हा तो हिशोबातून मान वर न काढता म्हणाला, "तो काका, समुंदर में थोडा खाने का सोडा डाल दो ने." व्याह्यांना ही चेष्टा कळली नाही. ते विचारात पडले. आणि त्या विचारातून जे निघालं त्याने घरात भूकंप झाला.

त्याचं असं झालं, की पित्तावर त्यांना त्यांचे वैद्य कितीतरी वर्षांपासून शंखभस्म आणि प्रवाळाची पूड देत. मधातून चाटायचं, की जळजळ शांत. त्या दिवशी डबीतली पांढरी पूड बोटावर घेऊन ते तोंडाशी नेणार, तेवढ्यात थबकले. शंख कुणाचा? समुद्राचा. प्रवाळ कुणाचं? समुद्राचं. म्हणजे पित्तावरचं जे औषध आपण खातो तेच समुद्राचंही औषध. त्याच्या पोटात आम्ल झालं की तो आपलेच शंख, आपलंच प्रवाळ विरघळवून ते शमवतो. "व्याहीबुवा," ते मला म्हणाले, "आजवर मी एका आजाऱ्याच्या उशाखालचं औषध चोरून खात होतो."

त्या दिवसापासून औषध बंद. जळजळ सुरू. विहीणबाईंचा संताप तर विचारू नका. "जळजळ ह्यांना आणि चटके मला! डाळीत एक कोकम पडलं तर ताटावरून उठतात. समुद्राचं एवढं वाटतंय तर समुद्राकडूनच जेवून या म्हणावं!" व्याही म्हणाले, "जेवून नाही, भेटून येतो." आणि भस्माच्या उरलेल्या डब्या पिशवीत भरून ते माझ्या दारात उभे राहिले.

"अहो, एवढ्याशा भस्माने काय होणार आहे? एवढा अथांग समुद्र!"

"तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शहाळं घेऊन आलो होतो. त्या शहाळ्याने तुम्ही बरे झालात का?"

"नाही."

"मग पुढच्या वेळी रिकाम्या हाताने येऊ?"

आम्ही भाईंदर स्टेशनबाहेरून उत्तनची बस धरली.

आता इथून पुढचं नीट वाचा, कारण यातलंच मी फिरवलं आहे. ओहोटी लागत होती. खडकांच्या अलीकडे बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. मी सावलीत कट्ट्यावर बसून शेंगदाणे खात होतो. व्याह्यांनी पँट दुमडली, चपला माझ्यापाशी ठेवल्या आणि पाण्यात गेले. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत होतं. घोट्यापर्यंत, त्याहून वर एक बोट नाही. त्यांनी डब्यांची झाकणं उघडली, वाऱ्याची दिशा पाहिली, वाकून सावकाश पूड पाण्यात सोडली आणि हात जोडले. एवढंच.

बोंबील उलटत असलेल्या एका बाईंनी हे लांबून पाहिलं. नाव मार्था, वयाने आमच्याच आगेमागे, गळ्यात क्रूस. हात पुसत त्या पाण्यापर्यंत गेल्या.

"काय बाबा, कोन गेला तुमचा?"

"हे भस्म आहे," व्याही म्हणाले. "शंखाचं."

"शंकरचा? भाव व्हता काय?"

लाटेच्या आवाजात व्याह्यांना नीट ऐकू आलं नसावं. ते गंभीरपणे म्हणाले, "होता समुद्रातलाच. परत समुद्रात सोडला."

"दर्यात बुडला? माज्या द्येवा!" त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "होडी व्हती काय त्याची?"

"घर होतं," व्याही म्हणाले. "पाण्यात घर विरघळतं हो हल्ली."

मार्थाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कट्ट्यावरून उठून एका वाक्यात सगळं सांगू शकलो असतो, पण माझ्या घशात शेंगदाणा आणि हसू एकदम अडकलं होतं. त्यांनी आम्हा दोघांना घराच्या ओट्यावर नेऊन बसवलं आणि कोरा चहा दिला. दुःखाच्या घरचा चहा नाकारायचा नसतो, आणि इथे तर दुःखी आम्हीच. ज्या माणसाने उपाशी पोटी चहा न पिणाऱ्याला मुलगी दिली, त्याने त्या दिवशी उपाशी पोटी कोरा चहा घेतला आणि वर "छान झालाय" म्हणाला. तेवढ्यात मार्थाबाईंनी आतल्या आल्टरपाशी, म्हणजे येशूच्या देव्हाऱ्याशी, शंकरच्या नावाने मेणबत्ती लावली, तेव्हा कुठे व्याह्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या सगळं समजावून सांगितलं. शंख, धूर, आम्ल, पित्त, सगळं.

मार्थाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "म्हंजे मेला कोन न्हाय?"

"अजून नाही," व्याही म्हणाले.

"मंग माझी मेनबत्ती?"

"राहू द्या जळत. त्याला बरं वाटावं म्हणून."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की ओट्यावरचं मांजर पळालं. "पिसा हाय बाबा! पन पिसा चांगला हाय. येत जा." आणि व्याही जाऊ लागले. आठवड्यातून एखादी सकाळ, उत्तनची बस, खडकाशी जाऊन थोडं उभं राहायचं, मार्थाबाईंशी चार शब्द बोलायचे आणि जेवायच्या वेळेला घरी. भस्म संपलं होतं. नुसतं भेटायला जायचे. त्या दिवसांत ते ताजेतवाने दिसत. जळजळ होतीच, पण कुणाच्या तरी सोबतीने होतेय असं त्यांना वाटत असावं.

आणि मी? मी ती गोष्ट सांगत सुटलो. पहिल्यांदा घरी सांगितली तेव्हा पाणी घोट्यापर्यंतच होतं. कुणी फारसं हसलं नाही. सोसायटीच्या कट्ट्यावर ते गुडघ्यापर्यंत आलं. डोंबिवलीच्या साखरपुड्यात कमरेपर्यंत. समुद्राची पातळी वाढतेय म्हणतात, पण माझ्या तोंडात ती जितक्या वेगाने वाढली तितकी जगात कुठेच वाढली नसेल. नातीच्या वाढदिवसाला भरल्या घरात मी सांगितली तेव्हा पाणी छातीपर्यंत पोहोचलं होतं, व्याही समुद्राशी मोठमोठ्याने बोलत आत आत चालले होते, आणि मी कपड्यांनिशी धावत जाऊन त्यांना ओढून काढलं होतं. व्याही तेव्हा खाली केक आणायला गेले होते. लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. हसली नाही ती एकटी माझी सून मेधा. म्हणजे त्यांची लेक.

दुसऱ्या दिवसापासून व्याह्यांचं उत्तन बंद झालं. कुणी भांडलं नाही, ओरडलं नाही. तसं झालं असतं तर बरं होतं. सगळे त्यांच्याशी फार गोड बोलू लागले. "अप्पा, आज घरीच बसा हं." "अप्पा, रात्री झोप लागली ना?" विहीणबाईंनी टोमणे मारायचं सोडलं. कुठल्या तरी डॉक्टरकडे नेऊन त्यांना आज वार कोणता, महिना कोणता असं विचारून आणलं. त्यांनी वारही सांगितला आणि डॉक्टरच्या टेबलावरचा वडापाव पाहून त्यालाच दोन गोष्टी समजावून आले. पण घरच्या गोड बोलण्यापुढे त्यांचा इलाज चालेना. माझी गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच नव्हती. त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला, की आपण औषध सोडलं म्हणून घरचे धास्तावले आहेत. एके दुपारी ते माझ्याकडे आले, खिशातून नवी कोरी डबी काढली, मधाचं बोट तिच्यात बुडवलं आणि माझ्यादेखत शंखभस्म चाटलं.

"पुन्हा सुरू केलं?" मी विचारलं.

"घरच्यांना त्रास होतो, व्याहीबुवा." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "तो मोठा आहे. समजून घेईल."

चाटताना त्यांचं तोंड कसं झालं होतं ते मला लिहिता येणार नाही. गोड मधात कडू औषध घेणारी माणसं मी पाहिली आहेत, पण औषध गुणकारी आणि चेहरा विष घेतल्यासारखा, असं पहिल्यांदाच पाहिलं.

मी तसाच उठून स्वयंपाकघरात गेलो. मेधा भाजी निवडत होती.

"मेधा, पाणी घोट्यापर्यंत होतं."

"कसलं पाणी, बाबा?"

"उत्तनचं. अप्पा काही आत चालले नव्हते. बोलतही नव्हते. मी कट्ट्यावर बसून शेंगदाणे खात होतो."

तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "मग छातीपर्यंत का म्हणालात?"

"घोट्यापर्यंत कुणी हसत नाही गं."

तिने जुडी ताटात ठेवली. तिला रडू येत होतं की राग, कळेना. शेवटी म्हणाली, "मी आईला सांगते. पण अप्पांना तुम्ही सांगायचं. आत्ताच्या आत्ता."

बाहेर येऊन मी व्याह्यांना सगळं सांगितलं. कट्टा, साखरपुडा, वाढदिवस, एकही पायरी वगळली नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता उठतील आणि पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाहीत. त्यांनी डोळे उघडले.

"छातीपर्यंत? मग मी वाचलो कसा?"

"मी ओढून काढलं."

"म्हणजे तुम्ही पाण्यात शिरलात?"

"गोष्टीत."

"गोष्टीत का होईना, उतरलात!" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद पसरला. "शेंगदाणे सोडून उतरलात!" मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणून सगळे माझ्याशी तसे बोलत होते होय. मला वाटलं, माझं काहीतरी खरंच बिघडलं, आणि मलाच कळत नाहीये." हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. त्यांनी ते सुटका झाल्यासारखं म्हटलं.

विहीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी टोमणे सुरू केले आणि घर पूर्ववत झालं. वैद्यांना सांगून औषध बदलून घेतलं. आता ज्येष्ठमध, शतावरी आणि साळीच्या लाह्या. सगळं जमिनीवर उगवणारं. उत्तनला जायची परवानगी मिळाली, पण मेधाने अट घातली, की मी बरोबर जायचं, आणि कट्ट्यावर बसायचं नाही. तेव्हापासून मीही पँट दुमडतो.

परवा गेलो होतो. पाणी बरंच मागे गेलं होतं, आणि कालवांनी भरलेला खडक उघडा पडला होता. मार्थाबाई लांबून ओरडल्या, "आले का दोगे पिसे?" व्याह्यांनी हात केला आणि ते खडकाशी वाकले. तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी त्या कालवांवर हात ठेवला आणि जरा फिरवला. लगेच "स्स" करून मागे घेतला. तळहातावर बारीक लाल रेघ उमटली होती, आणि चेहरा लॉटरी लागल्यासारखा. "व्याहीबुवा, धार आहे अजून! भिंत पक्की आहे!"

मी रुमाल काढून बांधला. मुठीवर मूठ धरून आम्ही दोघे म्हातारे तिथे बराच वेळ उभे होतो. कोरडं ऊन होतं, दूरवर होड्या होत्या, पोटात काही जळत नव्हतं. मला नातीची आठवण झाली. ती आमच्या वयाची होईल तेव्हा आम्ही कुणीच नसू. आजोबांनी नातीसाठी असं मागावं की नाही, मला माहीत नाही. पण तिनेही कधी इथे येऊन या खडकावर हात ठेवावा, आणि तिचाही हात चांगला कापावा, एवढंच त्या वेळी मनात आलं.